नऊ सह्यांचा कागद

१९९१च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडच्या कागदावर आठ सह्या होत्या आणि लागणार होत्या नऊ. नववी मिळाली तर आमच्या दोन्ही मुली बसमध्ये बसून युद्धापासून लांब जाणार होत्या. नाही मिळाली तर त्या आमच्याजवळ राहणार होत्या, आणि आम्ही राहत होतो सौदीतल्या अल खफजीत, कुवेतच्या सीमेपासून गाडीने पंधरा मिनिटांवर.

मी तिथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. नवरा त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. ऑगस्टमध्ये कुवेत इराकच्या हाती पडलं आणि आमच्या दोघांच्या रजा रद्द झाल्या. बाहेरच्या रस्त्यावरून गाद्या आणि सुटकेसा टपावर बांधलेल्या कुवेती गाड्या दक्षिणेकडे गेल्या, मग काही दिवसांनी उलट दिशेने लष्करी ट्रक आले, आणि ते येतच राहिले. थोरली तेरा वर्षांची होती, धाकटी सात. शाळा केव्हाच बंद झाली होती. दोघींच्या पिशव्या मी नोव्हेंबरातच भरून दाराशी ठेवल्या होत्या. इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची झेरॉक्स, आजोळचा पत्ता, दोन जोड कपडे, टॉर्च, बिस्किटं, धाकटीचं दम्याचं औषध. दर शुक्रवारी मी त्या उघडून यादीशी ताडून पाहत असे. थोरली त्यावर वैतागायची. "Aai, nothing has moved," असं म्हणायची आणि खोलीत निघून जायची.

पंधरा जानेवारीची मुदत सगळ्यांना पाठ होती. इराकी सैन्य तोपर्यंत मागे फिरलं नाही तर लढाई सुरू होणार होती. रेडिओवर दुसरा विषयच नसे.

हॉस्पिटलच्या संचालकांना सगळे मुदीर म्हणत. त्यांनी कुटुंबांना बाहेर काढायला एक बस द्यायचं कबूल केलं होतं. कमी बोलणारा, टेबलावर कधी दोनपेक्षा जास्त कागद न ठेवणारा माणूस. अट अशी होती की निदान नऊ कुटुंबं असली तरच बस आणि ड्रायव्हर शहराबाहेर पाठवणार. त्याहून कमी लोकांसाठी एक ड्रायव्हर दोन दिवस सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. प्रत्येक कुटुंबप्रमुखाची सही आणि प्रत्येक प्रवाशाचा इकामा नंबर असलेली एकच यादी हवी, त्यावर एकच प्रवासाचं पत्र निघेल. त्या काळी गाव सोडून लांब जायचं तर असं पत्र लागायचं, नाहीतर चेकपोस्टवरून परत पाठवत. यादी बुधवारी, नऊ तारखेला, दुपारच्या नमाजाच्या आत यायला हवी. बस गुरुवारी निघून रियाधला माणसं उतरवणार आणि परत येणार. शनिवारी तिच्यातली बाकं काढून स्ट्रेचर बसवायची होती.

आमच्या दोन इमारतींत बारा मराठी कुटुंबं उरली होती. तिघांकडे गाड्या होत्या आणि त्यांनी आपापलं पत्र काढून आपापलं निघायचं ठरवलं होतं. एकाच माणसाचं नाव दोन पत्रांवर चालत नसे, त्यामुळे ते तिघे आमच्या कामाचे नव्हते. राहिली नऊ. आठांनी सह्या केल्या होत्या. नववा होता जनरेटर आणि एसी सांभाळणारा टेक्निशियन, नागपूरकडचा, तिशीतला, आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहणारा. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती. खरं म्हणजे सगळ्यात आधी सही त्याने करायला हवी होती.

हे काम माझ्याकडे आलं कारण मी मंडळाची अध्यक्ष होते. मंडळ म्हणजे तिळगुळाला आणि गणपतीला कोणाच्या तरी हॉलमध्ये पडदे ओढून जमणारी माणसं. ऑगस्टमधला अध्यक्ष रजेवर गेला तो परतलाच नाही. दुसऱ्याने ऑक्टोबरात बदली करून घेतली, पार येमेनच्या बाजूला, जिझानला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण माझ्याकडे वही असते. पाच महिन्यांत मी तिसरी. अधिकार काय, तर चिठ्ठ्या लिहायच्या आणि दारं वाजवायची. पाण्याचे कॅन साठवा म्हणून मी बारा घरांना चिठ्ठी पाठवली तर पाच घरांनी साठवले. खिडक्यांना टेप लावा म्हटलं तर एका बाईंनी सांगितलं, टेप काढताना रंग निघतो.

टेक्निशियनला मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने दारातच उभं राहून उत्तर दिलं. एकदा म्हणाला विचार करतो. एकदा म्हणाला डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको सांगितलाय; मी चौकशी केली, त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, आमचं आम्ही बघू ना." मागे त्याची बायको उभी होती. ती माझ्याकडे न बघता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझ्या वहीत मी त्याच्या नावापुढे लिहिलं: टाळतो.

पाच तारखेला, शनिवारी, आमच्या हॉलमध्ये बैठक झाली. आठ घरं आली. त्यांत गाडीवाल्यांपैकी एक डॉक्टर होते, पुण्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी राहिलेले, ते सल्ला द्यायला म्हणून आले. त्यांनी मार्ग काढला. म्हणाले, सह्या मोजत बसू नका, संपूर्ण मंडळाचा ठराव करा, बारा कुटुंबांच्या वतीने. मी म्हटलं, मंडळाच्या नियमात नऊ घरं हजर लागतात. ते म्हणाले, मग गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची. तहकूब सभा त्याच जागी पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. प्रत्येक सोसायटीत असंच होतं.

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे लिहून ठेवायला हवं. आम्ही सगळे अशा सोसायट्यांमधून आलेलो. अर्धा तास चहा प्यायलो. कोणी जागचं उठलंसुद्धा नाही. बाहेरून ट्रक जात होते आणि कपबशा हलत होत्या. मी घड्याळ बघून सभा पुन्हा सुरू झाल्याचं जाहीर केलं, ठराव एकमताने संमत झाला, सूचक आणि अनुमोदक लिहिले. दुसऱ्या दिवशी टायपिंगच्या दुकानातून त्याचं अरबी करून घेतलं.

मुदीरांकडे जाताना मी भाईंना बरोबर घेतलं. भाई म्हणजे आमच्या इमारतीखालचे दुकानदार, रत्नागिरीचे. त्यांची बायको-मुलंही यादीत होती, आणि बावीस वर्षांच्या वास्तव्याने त्यांचं अरबी पक्कं होतं. रियाधहून पुढे जेद्दापर्यंत सगळ्यांना नेण्याची आणि तिथे ठेवून घेण्याची सोय त्यांच्या मेव्हण्याने लावली होती.

मुदीरांनी ठराव दोनदा वाचला. मग भाईंना विचारलं, हे अर्ध्या तासाचं काय आहे. भाईंनी समजावलं. मुदीर म्हणाले, "त्या अर्ध्या तासात नववा माणूस आला?"

"नाही."

"मग काय बदललं?"

भाईंनी हे मला मराठीत सांगितलं आणि माझ्याकडे बघत थांबले. मुदीरांनी कागद होता तसा घडी घालून परत दिला आणि बोटांनी नऊ दाखवले. बाहेर आल्यावर भाई म्हणाले, "बाई, तो चिडलेला नाय. पण त्याला आपली सोसायटी म्हाईत नाय." मी हसले नाही. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, आणि मग बराच वेळ मुलींच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

त्याच दिवशी मी मेल सर्जिकल वॉर्डात गेले होते. तिथे एक अमेरिकन म्हातारा होता, समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर जिन्यावरून घसरून घोट्याचं हाड मोडलेला. आम्ही प्लेट बसवली होती. त्याला दक्षिणेकडे हलवायला त्याच्या कंपनीची गाडी यायची होती आणि ती रोज उद्या येणार असे. तेलात येण्यापूर्वी तो शाळेत इतिहास शिकवायचा. मी खिशातून पेन काढताना ठरावाचा कागद पडला. हे काय म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं. एरवी मी पेशंटला घरचं सांगत नाही, पण त्या दिवशी सांगितलं.

तो म्हणाला, तुझी जात मला माहीत आहे. मी चमकले. त्याला म्हणायचं होतं की हातात काही नसलेल्या अध्यक्षांची. मग त्याने उशाखालून एक छोटी वही काढली.

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष शाळेतल्या पोरालाही माहीत असतो, असं त्याने सांगितलं. पण तो येण्याआधी, त्यांची घटना लागू होण्याआधी, पंधरा वर्षं त्या देशाची एक सभा होती आणि तिला अध्यक्ष होते. एकामागून एक चौदा माणसं त्या खुर्चीत बसून गेली. आज त्यांच्या देशातही त्यांची नावं कोणी घेत नाही. त्याने ती सगळी वहीत लिहून काढली होती, नातवंडांना शिकवायला. नाव, गाव, किती दिवस खुर्चीत, आणि शेवटच्या रकान्यात: काय करायला जमलं नाही. मी इतक्या याद्या केल्या, पण असा रकाना कधी आखला नव्हता.

त्या अध्यक्षांना सैन्य उभं करता येत नव्हतं, कर घेता येत नव्हता. ते तेरा राज्यांना पत्रं लिहीत. माणसं पाठवा, कपडे पाठवा, निदान तुमचे प्रतिनिधी तरी पाठवा. राज्यं वाटलं तर उत्तर देत. एकजण पुढे राजदूत म्हणून परदेशी जाताना समुद्रात पकडला गेला आणि लंडनच्या किल्ल्यात कैदेत पडला. एकाच्या वेळी पगार थकलेल्या आपल्याच शिपायांनी सभागृहाला वेढा दिला आणि सगळ्यांना गाव सोडून दुसरीकडे बसावं लागलं. एकजण निवडून आला आणि आजारपणामुळे महिनोन् महिने खुर्चीकडे फिरकलाच नाही.

"आणि हा," त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "हा तू आहेस."

लढाई संपली होती. इंग्रजांशी तहाचा कागद लिहून तयार होता. सभेने तो मंजूर करून ठरल्या मुदतीत समुद्रापार पोचवायचा, नाहीतर समोरचा म्हणू शकला असता की तह झालाच नाही. मंजुरीला नऊ राज्यं लागत होती. कडाक्याचा हिवाळा, रस्ते बंद, आणि हजर होती सात. अध्यक्ष पत्रांवर पत्रं पाठवत होता. काहीजण म्हणाले, सातांत भागवू. दुसऱ्यांनी विचारलं, पुढे कोणी बोट ठेवलं तर काय सांगणार.

मी ठरावाचा कागद खिशात परत घातला. पुढे काय झालं म्हणून विचारलं. एक प्रतिनिधी दुसऱ्या गावी आजारी पडून होता, तो म्हणाला. तो आला असता तर एक राज्य वाढलं असतं. तेव्हा असाही विचार झाला की सगळी सभाच उठून त्याच्या खाटेशी न्यायची. तेवढ्यात ड्रेसिंगची ट्रॉली आली आणि मला थिएटरमधून बोलावणं आलं.

मंगळवारी सकाळी सहाला आमच्या दारावर थाप पडली. टेक्निशियनची बायको होती. तो रात्रीपासून पोट धरून बसला होता आणि हॉस्पिटलला चला म्हटलं तर नाही म्हणत होता. मी वर जाऊन त्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाबलं आणि सोडलं. सोडल्यावर तो कळवळला. सातला तो आमच्या टेबलावर होता. अपेंडिक्स सुजून फुटायच्या बेतात आलेलं. मी सर्जनच्या हातात एकेक हत्यार देत होते, शेवटी नेहमीप्रमाणे रक्त टिपायचे मॉप मोजले, हत्यारं मोजली, मोठ्याने आकडे सांगितले, आणि टाके घातले गेले. सगळं नीट झालं. आणि त्या सबंध वेळात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की हा बरा होऊन घरी जाईपर्यंत बस गेलेली असेल.

दुपारी तीनला मी वॉर्डात गेले. त्याची खाट अमेरिकन म्हाताऱ्याच्या शेजारीच होती. यादी माझ्या खिशात होती, पेनही. मी फक्त कसं आहे ते बघायला गेले होते असं मला म्हणता येणार नाही.

तो अर्धवट जागा होता. दुखणं कमी व्हावं म्हणून दिलेल्या इंजेक्शनने जीभ जड झालेली. मला बघून हसला. एवढा मोकळा हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, तुमची ती यादी," तो म्हणाला. "आणलीय का? द्या. करतो सही."

मी कागद काढला. पेनही काढून त्याच्या बोटांत दिलं. त्याने हात उचलला, पेन छातीवर पडलं, त्याने ते शोधलं आणि पुन्हा धरलं.

आमच्या कामात एक नियम पहिल्या आठवड्यात शिकवतात. भूल दिलेल्या माणसाची सही चोवीस तास घ्यायची नाही. त्या अवस्थेत तो काहीही कबूल करतो आणि त्याला आठवतही नाही. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर अशी सही घेतली म्हणून मी एका ज्युनिअर नर्सला चारचौघांत बोलले होते. पण हे ऑपरेशनचं पत्र नव्हतं. त्याच्याच बायकोला सुखरूप पाठवायचं पत्र होतं. आठ घरांतली अकरा मुलं होती, त्यात माझ्या दोन. एक रेघ ओढायला त्याला दोन सेकंद लागले असते. मुदीरांना ती रेघ कुठे ओढली हे कळणार नव्हतं. मी कागद त्याच्या हाताखाली धरून उभी होते आणि पेनाचं टोक कागदाला लागलेलं होतं.

शेजारच्या खाटेवरून म्हातारा हळूच म्हणाला, "सिस्टर, मी परवा गोष्ट पुरी केली नाही. ते त्याच्या खाटेशी गेले नाहीत. वाट बघितली. तो माणूस उठून स्वतः आला."

मी पेन काढून घेतलं. टेक्निशियन म्हणाला, झाली ना? मी म्हटलं, उद्या करू. तो लगेच झोपला. मी बाहेर येऊन लिनन रूममध्ये दार लावून पाच मिनिटं उभी राहिले. म्हाताऱ्याचा राग आला होता. त्याच्या सभेपाशी वाट बघायला वेळ होता, माझ्यापाशी सकाळचे पाच तास.

बुधवारी सातला चोवीस तास पुरे झाले. सातला मी खाटेशी होते. तो उशीला टेकून बसला होता, डोळे स्वच्छ. मी त्याला सांगितलं की काल तू सही करायला निघाला होतास, मी घेतली नाही. आज शुद्धीत आहेस, आज विचारते.

तो म्हणाला, नाही.

"का नाही?" मी विचारलं. आणि विचारताना माझ्या लक्षात आलं की हे मी पहिल्यांदाच विचारते आहे. आधी तीनदा मी फक्त करतोस का, करतोस का, असं विचारलं होतं.

त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं. मग त्याने खालच्या आवाजात सांगितलं. तो हॉस्पिटलचा नोकर नव्हता, देखभालीचं काम घेतलेल्या एका कंत्राटदाराचा होता. बायकोचा इकामा सप्टेंबरात संपला. कागद वेळेवर दिले होते, पण कुवेतच्या गडबडीत कंत्राटदाराच्या दम्मामच्या ऑफिसात फाईल पडून राहिली. तिथला कारकून दर फोनला उद्या म्हणायचा. चार महिने झाले. आता ती बिनपरवान्याची होती. यादीत तिचा नंबर लिहिला की मुदीरांना कळणार, चेकपोस्टवर कळणार, आणि या दिवसांत तिला कुठे नेऊन ठेवतील या कल्पनेने त्याला झोप लागत नव्हती.

"तुमच्या वहीत लिहाल म्हणून नाही सांगितलं," तो म्हणाला.

मी वही बंद केली. त्याला म्हटलं, मी हे मुदीरांना सांगू का? तू नाही म्हणालास तर सांगणार नाही. पण लपवून तिचं नाव लिहिणार नाही, आणि तिला सोडून फक्त तुझी सही घेणार नाही. मग त्याने हात पुढे केला. सही सावकाश, पूर्ण नावाची केली, खाली तारीख घातली. बायकोच्या इकाम्याचा नंबर स्वतः लिहिला आणि त्यापुढे 'मुदत संपली' हेही त्यानेच लिहिलं.

साडेनऊला भाई आणि मी मुदीरांच्या टेबलासमोर होतो. त्यांनी सह्या मोजल्या. मग त्या नंबराशी थांबले. भाईंनी सगळं सांगितलं, माझ्या समजुतीप्रमाणे एक शब्दही न लपवता. मुदीरांनी मला इंग्रजीत विचारलं, कितवा महिना? मी सांगितलं, सातवा. त्यांनी दम्मामला फोन लावला. लाईन लागत नव्हती. लष्कराच्या फोनांमुळे तेव्हा लाईन लागणं नशिबावर असे. ते पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिले, मध्ये दुसऱ्या कागदांवर सह्या करत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा, पावणेअकरा. अकराला दहा कमी असताना तिकडून कोणीतरी उचललं. मुदीर फार हळू बोलले. पलीकडचा फाईल शोधायला गेला. आम्ही तिघे रिसीव्हरमधून येणारी खुर्च्या सरकल्याची खरखर ऐकत बसलो.

फाईल होती. त्यांनी नंबर उतरवून घेतला.

मग यादीवरून काढलेल्या प्रवासाच्या पत्राखाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली. भाईंनी मला ती वाचून दाखवली: नूतनीकरणाचा अर्ज दाखल आहे, ही बाई हॉस्पिटलच्या जबाबदारीवर प्रवास करत आहे. ओळीवर शिक्का मारला. देताना म्हणाले की ही ओळ टाईप केलेली नाही, हाताची आहे. चेकपोस्टवरच्या माणसाला पटली तर पटली. नाही पटली तर पत्र एकच असल्यामुळे सगळी बस परत येईल.

हे इतर आठ घरांना सांगणं भाग होतं. मी परत वॉर्डात जाऊन टेक्निशियनला विचारलं, त्याने होकारार्थी मान हलवली. संध्याकाळी पाचला मी सगळ्यांना जिन्यात बोलावलं, कारण तिथे खिडक्या नव्हत्या. जे होतं ते सांगितलं. टेप न लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आमची पोरं हिच्या कागदापायी अडकणार." भाई म्हणाले, "हिचा कागद नसता तर बसच नसती, वहिनी." कोणीतरी म्हणालं, आधी सांगितलं असतं तर. त्यावर तिघं एकदम बोलायला लागले.

टेक्निशियनची बायको दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली होती. मी तिला या पाच महिन्यांत क्वचितच बोलताना ऐकलं होतं.

"अडवलं तर मी उतरेन," ती म्हणाली. "माझं नाव खोडा म्हणावं आणि बस जाऊ द्या."

मी तिला म्हटलं की तसं होत नसतं, वाळवंटात कोणी कोणाला उतरवत नाही. पण तसं होऊ शकतं का, हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्याकडे अध्यक्ष म्हणून द्यायला एवढंच होतं. मी विचारलं, कोणाला आपलं नाव काढायचं असेल तर आत्ता सांगा. एक जरी निघालं तर बस नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी नाव काढलं नाही. टेप न लावणाऱ्या बाई उठून घरात गेल्या. त्यांच्या घरातून सुटकेस ओढल्याचा आवाज आला.

गुरुवारी सकाळी साडेसहाला बस निघाली. मी दारात उभी राहून एकेकाचं नाव घेतलं आणि खूण केली, एकवीस माणसं. थोरली रडली नाही, धाकटी रडली. टेक्निशियनच्या बायकोला मी पुढचं, ड्रायव्हरमागचं बाक दिलं आणि धाकटीला तिच्या शेजारी बसवलं, म्हणजे दोघींना एकमेकींचं बघण्याचं काम मिळेल. नवऱ्याने काचेवर हात ठेवला आणि बस हलेपर्यंत काढला नाही. आठला माझी हर्नियाची केस होती.

त्या दिवशी थिएटरमध्ये मी दोनदा चुकीचं हत्यार पुढे केलं. सर्जनने ते परत दिलं. दुपारी वॉर्डाकडे जाताना दिसलं की म्हाताऱ्याची खाट रिकामी आहे, गादी उन्हात टाकलेली. त्याची गाडी शेवटी आली होती. नर्स म्हणाली, त्याने जाताना विचारलं की नऊ झाले का. तिला विषयच माहीत नव्हता, ती हो म्हणाली होती.

चार वाजून गेल्यावर मेट्रनच्या ऑफिसात फोन आला. थोरली रियाधहून बोलत होती, धाप लागल्यासारखी, अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत. सगळे पोचले होते. आँटीला दोनदा उलटी झाली. दुसऱ्या चेकपोस्टवर पोलीस आत चढला, पत्र वाचलं, खाली जाऊन साहेबाला दाखवलं, मग परत येऊन आँटीचं नाव घेतलं. आँटी उठली. तिने वरची बॅग स्वतः काढली आणि दारातल्या पायरीवर जाऊन उभी राहिली. धाकटी तिच्या कमिजाला धरून तिच्यामागे. साहेब खाली उन्हात पत्र उलटसुलट करून बघत होता.

"किती वेळ?" मी विचारलं.

"I don't know. पाँच मिनट. फिर उसने पेपर वापस दिया and he told her, sit down, mother."

मी तिला जेद्दाचा फोन नंबर पुन्हा म्हणायला लावला. तिने तो बरोबर म्हटला. लाईन तुटली.

मी मेल सर्जिकलला गेले. टेक्निशियन पाय खाली सोडून खाटेच्या कडेवर बसला होता, उठायला परवानगी नसताना. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"थांबवलं का?" त्याने विचारलं.

"थांबवलं. पाच मिनिटं."

"मग?"

"मग सोडलं. रियाधला पोचलेत सगळे."

ती पायरीवर जाऊन उभी राहिली होती हे मी त्याला सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं होतं. तो हळूहळू आडवा झाला, टाक्यांवर हात धरून, आणि भिंतीकडे तोंड केलं. मी त्याचे पाय उचलून वर ठेवले, चादर घातली आणि संध्याकाळच्या औषधांच्या वेळा तक्त्यावर तपासत तिथेच उभी राहिले, कारण मुलींविना रिकाम्या घरात इतक्यात जायचं नव्हतं.